खड्डे आढळले नाहीत

आधी अक्कांविषयी लिहिते, मग रस्त्याविषयी. आमच्या गल्लीतले लोक रस्त्याचं श्रेय मला देतात, कारण अर्जावर सही माझी होती. मला ते ऐकताना कानकोंडं होतं. सही करणारी मी होते एवढंच, रस्ता अक्कांनी करून घेतला.

अक्का गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतात. मूळच्या साक्री तालुक्यातल्या, पिंपळनेरच्याही पलीकडच्या. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत तीस वर्षं त्यांनी रस्त्याच्या कामावर काढली. आधी नवऱ्याबरोबर डोक्यावर खडीचं घमेलं, तो गेल्यावर एकटीनं, हातात गरम डांबराची झारी घेऊन. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातांवर डांबर उडून भाजल्याचे काळे ठिपके आहेत, कुणी गोंदून घेतल्यासारखे. त्यांना वाचता येत नाही. मी हे लिहिणार आहे म्हटल्यावर त्यांनी एवढंच बजावलं, "मन्हं नाव नको टाकू. लोके हासतीन." म्हणून नाव टाकत नाही. हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मी कोकणातली. सातवीत शाळा सुटली. धाकट्या भावंडांना बघायला घरी कुणी नव्हतं, त्यामुळे आधी एक दिवस चुकला, मग आठवडा, मग बाईंनी हजेरी घेताना माझं नाव वगळलं. शाळा सुटते ती अशी, कुणी सोडवत नाही. लग्न झाल्यावर जळगावला आले. नवरा पाइपच्या कारखान्यात, मी चटईच्या. दोघांनाही सकाळी सातला आत असावं लागतं. माहेर एक दिवस आणि एक रात्र एवढ्या अंतरावर. पहिली दोन वर्षं मी इथं जीव मुठीत धरून राहिले. ऊन असं की दाराची कडी धरवत नसे. शेजारणी "बठ्ठं आवरी लिधं का?" असं विचारायच्या आणि मी उगाच हसायचे, कारण बठ्ठं म्हणजे सगळं हे मला कळायचंच नाही. भाडेकरूनं पुढं पुढं करू नये, असं नवरा सांगायचा. मलाही ते पटायचं. घरमालक नाना वरच राहतात. वरणगावला नोकरी करून निवृत्त झालेले, मनाने चांगले, पण बोलायला तिखट. त्यांच्या चपलांचा जिन्यात आवाज आला की मी पदर सारखा करायचे आणि आपलं काय चुकलं ते आठवायचे.

अशी मी. आणि मी सरकारी कचेरीत तक्रार केली, त्याला कारण मुलगी.

ती तिसरीत आहे. तिला शाळेत नेणारी व्हॅन साडेसहाला दाराशी यायची. व्हॅनवाले चाचा जळगावचेच, पोरांना गाडीत चढवताना प्रत्येकाला "बिस्मिल्ला, चलो" म्हणणारे. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीचा रस्ता इतका खचला की गाडी होडीसारखी डुलत यायची. एका सकाळी चाचांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि मला बाजूला बोलावलं.

"भाभी, गाडीच्या स्प्रिंगचा पाटा दुसऱ्यांदा तुटला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आत येतो, जबान देतो. पुढे नाही जमणार. पोरगीला हायवेच्या नाक्यावर आणून उभी करा."

नाका दीड किलोमीटरवर. तिथं पहाटेपासून केळीचे आणि सिमेंटचे ट्रक उभे असतात. तिला तिथं पोचवून सातच्या आत कारखाना गाठणं आम्हा दोघांनाही जमणारं नव्हतं. तिला नाक्यावर एकटीला उभी करणं शक्य नव्हतं. मी काम सोडायचं, किंवा तिला जवळच्या शाळेत घालायचं. ती शाळा चौथीपर्यंतच होती. चौथीनंतर बघू, असं नवरा म्हणाला. "नंतर बघू" हे शब्द मी माझ्या बाबतीत एकदा ऐकलेले होते. त्या दिवशी चटईच्या यंत्रावर माझा धागा चारदा तुटला.

जेवणाच्या सुट्टीत एका मैत्रिणीनं फोनवर तक्रार करायचं सांगितलं. फोटो काढायचा, जागा दाखवायची, चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळींना मला दोन दिवस लागले. 'खड्डा' लिहून झाल्यावर 'विनंती' लिहायचं की 'नम्र विनंती' यावर अडले. शेवटी दोनदा नम्र लिहिलं. तक्रारीचा क्रमांक आला तेव्हा अंगावर काटा आला. आनंदापेक्षा भीतीच जास्त होती, आता कुणी साहेब घरी येऊन जाब विचारतील की काय.

साहेब खरंच आले. पण मला कळलंच नाही.

झालं असं, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. आमच्या गल्लीत नानांच्या घरी बसते आणि सोमवारी तिला डोक्यावर घेऊन बायका वाजत-गाजत नदीवर नेतात. डोक्यावर देवी घेतलेल्या बाईचा पाय मुरडला तर काय, या काळजीनं सगळी गल्ली आदल्या दोन दिवसांत रस्त्यावर उतरते. ही इथली जुनीच रीत. कुणी ट्रॉलीभर मुरूम आणला, कुणी पडक्या भिंतीच्या विटा. पुरुषांनी खड्डे बुजवले, बायकांनी वरून शेणसडा घातला, पोरींनी रांगोळ्या काढल्या. मीही पहाटे उठून आमच्या दारापुढच्या सगळ्यात मोठ्या खड्ड्यावर मोठं कमळ काढलं. सोमवारी सुट्टी टाकली होती. माहेरच्या देवीची आठवण येत होती आणि पहिल्यांदाच वाटत होतं, आपण या गल्लीतल्या आहोत.

अकराच्या सुमारास एक तरुण माणूस मोटारसायकलवरून आला. हातात कागदाची फाइल. देवी निघायची वेळ झाली होती म्हणून तो बाजूला थांबला, चप्पल काढून हात जोडले. मला वाटलं, कुणाचा तरी पाहुणा. मी त्याला लाह्या-फुटाण्यांचा प्रसाद दिला.

"हीच का ती गल्ली?" त्यानं विचारलं.

"हीच," मी म्हणाले. आणि कधी नव्हे तो मला उत्साह आला. "बघा ना, रस्ता कसा झालाय. नुसता आरसा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, माझ्या कमळाला वळसा घालून पुढपर्यंत गेला, परत आला, फाइलवर काहीतरी लिहिलं आणि नमस्कार करून निघून गेला.

दोन दिवसांनी फोनवर मजकूर आला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. प्रत्यक्ष पाहणीत खड्डे आढळले नाहीत.

त्याच दिवशी पाऊस लागला. दुपारपर्यंत सगळा मुरूम वाहून नानांच्या फाटकाशी गोळा झाला आणि खड्डे आधीपेक्षा मोठे होऊन वर आले. दुसऱ्या दिवशी चाचांची गाडी अर्ध्या गल्लीत रुतली. पोरांनी खाली उतरून ढकलली. माझी मुलगी गुडघ्यापर्यंत चिखलात शाळेला गेली.

मी ओट्यावर बसून रडत होते. अक्का पाण्याचा हंडा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. मी त्यांना फोन दाखवला, मग वाचून दाखवला. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

"खड्डा तुम्हीच बुजात, नि तक्रार बी तुम्हीच कयी. आते सायेबले काय दखाडशात, रांगोळी?"

मग माझ्याजवळ टेकल्या आणि सांगायला लागल्या. त्यांचं म्हणणं असं की साहेबाची चूक नाही. साहेब डोळ्यांनी बघतो, वहीत लिहितो. वहीत मोजमाप नाही तर कामही नाही. खड्डा दाखवायचा तर तो आधी राखावा लागतो, आणि राखलेला खड्डा मोजून कागदावर आणावा लागतो. हे त्या इतक्या सहज बोलल्या, जसं आपण भाताला आधण ठेवावं लागतं म्हणतो. मी म्हटलं, मला कचेरीत बोलता येणार नाही.

"घाबरू नको व माय. कागद तू लिख. बोलसू मी."

खड्डे मोजणं सोपं होतं, राखणं महाकठीण. आमच्या लोकांना खड्डा दिसला की हात शिवशिवतात. गणपती आले तेव्हा मंडळाची पोरं विटांचा चुरा घेऊन तयार. अक्का खड्ड्याच्या कडेला खाट टाकून बसल्या. गणपती गेला त्या बाजूच्या ओट्यावरून, दोघा-दोघांनी उचलून. गल्लीत कुरबुर सुरू झाली. नाना तर मला ऐकू जाईल अशा आवाजात जिन्यातून म्हणाले, "कोकणची पाहुणी आता आम्हाला रस्ता शिकवणार." मी त्या रात्री जेवले नाही. नवरा म्हणाला, खोली सोडायला सांगितली तर?

आणि मग नानांचे जावई यायचे ठरले, नवी गाडी घेऊन. नानांनी दारापुढचे दोन खड्डे बुजवायला माणूस बोलावला. अक्का काठी टेकत गेल्या. मी मागं उभी.

"नाना, जावाईले सांग, गाडी नाक्यावर लाव नि पायी ये. सासरवाडीले पायी उना तर काय झिजी जाई?"

नाना लाल झाले. मला वाटलं, आता संपलं. पण वरून नानांच्या बायकोला हसू फुटलं, मग त्या माणसाला, आणि शेवटी नानांनाच. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणता तर राहू द्या. पण रस्ता झाला नाही तर जावयाला तुमच्याकडे जेवायला पाठवीन." त्या दिवसापासून खड्ड्यांवर सगळ्यात कडक पहारा नानांचा. कुणी केराची पाटी जरी खड्ड्यात उपडी केली तरी ते गॅलरीतून ओरडायचे.

एका रविवारी आम्ही मोजायला निघालो. कोपऱ्यावरच्या मारवाडी दुकानदारानं चुना दिला. मुलीची लाकडी पट्टी खोलीसाठी, आणि लांबीसाठी अक्कांचा बांबू, त्यावर खिळ्यानं फुटाच्या खुणा केलेल्या. अक्का खड्ड्याभोवती वाकून चुन्याची चौकट आखायच्या. मी म्हटलं, खड्डा गोल आहे, चौकट कशाला. त्या म्हणाल्या, कामाला चौकोनच लागतो. कडा उभ्या कापल्या तरच नवा माल धरून राहतो. गोल खड्ड्यात टाकलेला माल ताटातल्या दह्यासारखा सरकतो. पाणी भरलेल्या खड्ड्यात त्या काठी बुडवायच्या आणि ओली खूण पट्टीला लावायच्या. मी वहीत रकाने पाडले. क्रमांक, कुणाच्या दारापुढे, लांबी, रुंदी, खोली. चुन्यानं रस्त्यावर आकडे घातले, शाळेत फळ्यावर घालायचे तसे सुबक. संध्याकाळपर्यंत तेवीस झाले. प्रत्येकाचा फोटो काढला, चौकट आणि आकडा दिसेल असा. वही मिटताना मला जाणवलं, दिवसभरात एकदाही छातीत धडधडलं नव्हतं.

कचेरीत मात्र धडधडलं. वहीतलं सगळं अर्जावर उतरवून मी खाली सही केली होती, आणि अर्ध्या पाळीची रजा टाकून आम्ही दोघी गेलो. बाकावर बसलो. अक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. दार उघडलं आणि टेबलामागे कोण, तर मी प्रसाद दिलेला तो तरुण माणूस. जमीन दुभंगली तर बरं, असं मला वाटलं.

त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. "ताई, लाह्या-फुटाणे तुम्हीच दिले होते ना?"

मी मान हलवली.

"आणि रस्ता आरसा झालाय, हेही तुम्हीच म्हणाला होतात."

अक्का पुढं झाल्या.

"सायेब, ही पोर सातवी शिकेल शे. मी तेवढी बी नही. पन खड्डा माले समजतस. तो कागद देखा, मग आम्हले काय बोलनं ते बोला."

साहेबांनी कागद घेतला. आधी वरवर बघत होते, मग चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवून फोटो ताडून पाहू लागले. सगळं चौकोन धरून मोजलंय, हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. साहेबांनी ते काळे ठिपके पाहिले. उठले, कोपऱ्यातली खुर्ची स्वतः उचलून आणली आणि अक्कांना बसवलं. मग दहा मिनिटं ते दोघं कुठला घाट, कुठला पूल, कुठल्या साली कुठली खडी, असं बोलत बसले. मी उभीच होते आणि मला फार बरं वाटत होतं.

तक्रार पुन्हा उघडली. पाऊस थांबला की पहिलं काम तुमचं, असं साहेब म्हणाले. मी मनातून विश्वास ठेवला नाही. दसरा गेला. चुना पावसानं पुसला की अक्का चौकटी आणि मी आकडे पुन्हा काढायचो. चाचा रोज सकाळी बोटं मोजून दाखवायचे, सुट्टीला इतके दिवस राहिले. मी दर सोमवारी कचेरीत फोन करायचे. पहिल्या वेळी बोलायचं वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं, चौथ्या वेळी कागद लागला नाही.

सुट्टी लागायच्या पाच दिवस आधी, सकाळी, गल्लीत रोलर आला. मागं गरम डांबर-खडीच्या मालाचा डंपर आणि सात-आठ माणसं. मी मुलीला चाचांच्या गाडीत बसवून कारखान्यात निघायच्या बेतात होते, दोघीही तशाच थांबलो. मुकादमाला घाई होती. माणसांनी पहिल्या खड्ड्यातली माती झाडूनं जरा उडवली आणि माल ओतायला फावडी उचलली.

"भो, थांब," अक्का म्हणाल्या. "आधी चौकोन काप."

मुकादम हसला. "आजी, बाजूला व्हा, अंगावर उडेल."

"तीस वरीस उडेल शे. माले नको शिकाडू."

मुकादमानं दुर्लक्ष केलं. अक्कांनी काठी माझ्याकडे दिली, शेजारच्या माणसाच्या हातातला टिकाव घेतला आणि चुन्याच्या रेषेवर घाव घातला. साठी उलटलेली बाई. दुसरा घाव, तिसरा. कड उभी, सुरीनं कापल्यासारखी. नाना धोतर सावरत खाली आले आणि चौकटीच्या आत जाऊन उभे राहिले. म्हणाले, आता माल ओतायचाच असेल तर माझ्यावर ओता. मागोमाग नानांची बायको, दुकानदार, तिसऱ्या घरची सून, सगळे एकेका चौकटीत. तेवीस खड्डे आणि प्रत्येकात एक माणूस. मी सात नंबरमध्ये उभी होते. माझी मुलगी आठ नंबरमध्ये, दप्तरासकट.

मुकादमानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, अक्कांच्या हाताकडे पाहिलं. मग माणसांना म्हणाला, टिकाव काढा.

दुपारपर्यंत सगळे खड्डे चौकोनी कापून, झाडून, लख्ख झाले. डांबराची झारी भरून आली तेव्हा मुकादम अक्कांपाशी आला. आवाज बदलला होता.

"मावशी, पहिला हात तुम्ही देता का?"

अक्कांनी झारी घेतली. त्यांची कंबर एरवी वाकलेली असते. झारी हातात आली आणि ती सरळ झाली. एका सुरात मागं सरकत त्यांनी कडांना काळी धार लावली, थेंब इकडचा तिकडे नाही. कामावरची तरुण माणसं बघत राहिली. कुणीतरी शिट्टी वाजवली. मग माल पडला, लोखंडी धुमुसानं ठोकून बसवला, रोलर फिरला. साहेब संध्याकाळी आले आणि पट्टी आडवी टाकून पाहिली. वर-खाली काही नाही. ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, "आता रस्ता कसा झालाय, ताई?" मी म्हणाले, तुम्हीच लिहा साहेब, माझ्या शब्दावर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चाचा गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत हॉर्न वाजवत आले. कुणीही रागावलं नाही. गाडी एकदाही डुलली नाही. "बिस्मिल्ला, चलो," म्हणून त्यांनी माझ्या मुलीला वर घेतलं आणि मला म्हणाले, सुट्टीनंतरही इथंच, याच वेळेला. मी कामावर चालत गेले आणि वाटेत गाणं गुणगुणत होते हे फाटकावरच्या वॉचमननं मला सांगितलं.

दिवाळीत अक्का भाऊबीजेला माहेरी गेल्या आणि चार दिवसांनी परत आल्या, त्या गुडघे सुजलेले घेऊन. मी तेल गरम करून चोळायला बसले. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, चालून चालून झालं. त्यांचं माहेर पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडेच्या पाड्यात. जीप खालच्या फाट्यावर सोडते. तिथून दगडगोट्यांतून चढ चढायचा, दरवर्षी.

"मन्हा माहेरले आजून गाडी जास नही," त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात नाही, तेल जरा जास्त गरम आहे असं सांगावं तसं.

दोन जिल्ह्यांचे रस्ते ज्यांनी केले त्यांच्या गुडघ्यांना मी तेल चोळत होते. त्यांना काहीही म्हटलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. म्हणून इथं लिहून ठेवते. मुलीची उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी त्या पाड्यावर जाणार आहे. फाट्यापासून अक्कांच्या भावाच्या दारापर्यंत पायी चढणार, प्रत्येक दगड आणि प्रत्येक ओहोळ वहीत मांडणार, फोटो काढणार, आणि मग ज्या कचेरीत ते द्यायचं असेल तिथं जाणार. एकदा नाही झालं तर परत जाणार. किती वर्षं लागतील ते माहीत नाही. पण अक्का, एका भाऊबीजेला जीप तुम्हाला थेट भावाच्या अंगणात नेऊन सोडेल, एवढं तुमचं देणं माझ्याकडे आहे आणि ते मी फेडणार आहे.